संगणकातला दप्तरखाना

सरकारी कार्यालयात संगणक खरेदीचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यासोबत एक तुलनात्मक तक्ता असतो. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, मॉनिटर, वॉरंटी असे रकाने आणि त्यापुढे पुरवठादारांचे दर. यातील हार्ड डिस्कच्या रकान्यावर सहसा कुणी चर्चा करीत नाही. 1 टीबी हा आकडा 256 जीबीच्या चौपट, आणि दरही जवळपास तेवढाच. मग विचार तो काय करायचा? माझे मत निराळे आहे. लिपिकाचा दिवस कसा जाईल आणि खिडकीपुढचा नागरिक किती वेळ ताटकळेल, हे बऱ्याच अंशी याच रकान्यावर ठरते.

ज्यांनी जुना अभिलेख कक्ष पाहिला आहे त्यांना हा विषय समजण्यास अडचण नाही. नस्ती मागितली की दप्तरी उठणार, मांडणीपर्यंत चालत जाणार, बस्ता सोडणार, नस्ती काढून आणणार. पुढची नस्ती मागितली की पुन्हा तीच चाल. यांत्रिक हार्ड डिस्क म्हणजे असा दप्तरी आहे. 1956 साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि एकंदर साठवण 4 एमबीपेक्षाही कमी होती. चकत्या आज लहान झाल्या, साठवण लाखो पटींनी वाढली, पण फिरणारी चकती आणि तिच्यावर सरकणारा वाचक हे तत्त्व बदललेले नाही.

हिशेब करून पाहू. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणारी चकती एका फेरीस सुमारे 8.3 मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचकाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून थोडे अधिक. वाचक त्या पट्ट्यापर्यंत सरकण्यास आणखी 8-9 मिलिसेकंद. म्हणजे एका शोधास साधारण 12-13 मिलिसेकंद, आणि एका सेकंदात फार तर 75-80 शोध. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, यात फिरणारे काहीच नसते. माहिती फ्लॅश चिपमधील कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने राहते. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकात विकसित केलेले हे तंत्र. येथे दप्तरी चालत जात नाही, त्यामुळे सेकंदाला हजारो शोध सहज होतात.

एखादी मोठी चित्रफीत या डिस्कवरून त्या डिस्कवर न्यायची असेल तर फरक मर्यादित असतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला 150 ते 250 एमबी वाचते, तर साटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या पुढे. परंतु कार्यालयीन काम असे नसते. संगणक सुरू होणे, विषाणूरोधक प्रणालीची तपासणी, ब्राउझर उघडणे, टंकलेखनासाठी फाँट लोड होणे, ही सर्व हजारो लहान तुकड्यांची वाचने असतात. तेथे खरा फरक पडतो, आणि तो तक्त्यातील जीबीच्या आकड्यात दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो तेथे दाखले देण्याच्या खिडक्यांवर "सर्व्हर डाऊन आहे" हे उत्तर नागरिकांना नित्य मिळत असे. एका सकाळी मी कर्मचाऱ्याशेजारी बसून संगणकाची कार्यसूची पाहिली. नेटवर्क जवळपास रिकामे होते. प्रोसेसरही निवांत होता. डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली. दोन संगणकांच्या जुन्या डिस्क काढून तेथे 256 जीबीच्या एसएसडी बसवल्या. सुरू होण्यास कित्येक मिनिटे घेणारे तेच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होऊ लागले. नवीन संगणकाच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ होता.

पुढचा टप्पा अधिक शिकवणारा ठरला. सर्व खिडक्यांसाठी प्रस्ताव केला तेव्हा लेखा शाखेने विचारले, 500 जीबीची चालू डिस्क काढून निम्म्या क्षमतेची वस्तू पैसे देऊन का घ्यायची? प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही प्रत्येक संगणकात प्रत्यक्ष किती जागा वापरात आहे ते पाहून टिप्पणीत लिहिले. बहुतेकांत ती 100 जीबीपेक्षा कमी होती. चाचणीच्या दोन संगणकांच्या वेळांची नोंद जोडली. प्रस्ताव मंजूर झाला. नियम आडवे येतात अशी तक्रार आपण फार करतो. पुष्कळदा नियम एवढेच मागत असतात की कारण लिहून ठेवा.

तरीही एसएसडीचे दोष टिप्पणीत लिहिलेच पाहिजेत. तिचे कप्पे ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतात. म्हणून उत्पादक एकूण किती टीबी लेखन सोसेल ते नमूद करतात. कारकुनी कामात ती मर्यादा सहसा गाठली जात नाही. खरी काळजी दुसरी आहे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा खडखडते, मंदावते, काही भाग वाचेनासे होतात. एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते आणि त्यानंतर माहिती परत मिळवणे फार अवघड असते. शिवाय विजेविना कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी ती योग्य नाही. विद्युतभार हळूहळू गळतो, उष्ण हवेत अधिक वेगाने.

यावरून विभागणी आपोआप होते. ज्या संगणकावर माणूस बसून काम करतो तेथे एसएसडी. जेथे माहिती मोठी, वाचन क्वचित आणि लेखन सलग असते, म्हणजे स्कॅन केलेले अभिलेख, सीसीटीव्हीचे चित्रण, रोजच्या बॅकअपच्या प्रती, तेथे हार्ड डिस्क. दर टीबीमागे ती आजही स्वस्त आहे. महत्त्वाच्या माहितीच्या किमान तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि एक वेगळ्या इमारतीत, हा संगणकशास्त्रातील जुना संकेत तहसील कार्यालयालाही तितकाच लागू आहे.

आज प्रस्ताव करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विंडोज 10चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज 11च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकात केवळ डिस्क बदलून भागणार नाही. सीडॅकच्या बॉससारखी लिनक्सवर आधारित प्रणाली चालेल का, हे आधी तपासावे. दुसरी, निर्लेखन. हार्ड डिस्कवर पुन्हा लिहून जुना मजकूर मिटवता येतो. एसएसडी मात्र आपले लेखन स्वतःच वेगवेगळ्या कप्प्यांत फिरवत असल्याने त्या पद्धतीची खात्री देता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ती कूटबद्ध ठेवावी, आणि वॉरंटीत बदललेली डिस्क पुरवठादाराने परत नेऊ नये ही अट निविदेतच घालावी. तिच्यावर नागरिकांची जमीन, उत्पन्न आणि जात यांची माहिती असते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि दोनशेहून अधिक वर्षांनीही ते वाचता येतात. यातील कोणत्याही डिस्ककडून तशी अपेक्षा करता येणार नाही. कायमस्वरूपी अभिलेख दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावे लागतील, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागेल आणि ते काम कुणाचे हे नावानिशी ठरवावे लागेल. खरेदीच्या नस्तीवर स्वाक्षरी करताना हे तिन्ही मुद्दे टिप्पणीत आहेत का, एवढे अवश्य पाहावे.