कोचीत गाडीला एक दिवसाची सुट्टी

मुंबईहून किनाऱ्याच्या रस्त्याने कन्याकुमारीला निघालेली गाडी कोचीला पोहोचते, तेव्हा सुमारे चौदाशे किलोमीटर मागे पडलेले असतात आणि जेमतेम तीनशे उरलेले असतात. नेमका इथेच मोह होतो. ‘उद्या पहाटे निघालो की संध्याकाळी कन्याकुमारी!’ असे गाडी चालवणारे बाबा म्हणतात. पण चार दिवसांचा शीण त्यांच्या डोळ्यांत साचलेला असतो. मुले कुरकुरत असतात आणि डिकीत मळक्या कपड्यांची पिशवी फुगलेली असते. अशा वेळी आईने गाडीची किल्ली सरळ आपल्या पर्समध्ये टाकावी. क्षणभर डोळा लागला तर काय होऊ शकते, हे सांगायला नकोच.

तसे पाहिले तर कोची शहर थांबलेल्या माणसांनीच घडवले आहे. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुरानंतर हे बंदर उदयाला आले, असे मानले जाते. मिरी न्यायला आलेल्या गलबतांना परतीचा वारा सुटेपर्यंत इथे थांबावे लागे. अरब, ज्यू, पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सगळे इथे आले आणि आपापली खूण ठेवून गेले.

सकाळी बाबांना मनसोक्त झोपू द्यावे. बाकीच्यांनी एर्नाकुलमच्या धक्क्यावरून बोटीने फोर्ट कोची गाठावे. किनाऱ्यावर चिनी जाळी दिसतात. लाकडी सांगाड्याला टांगलेले भले मोठे जाळे पाण्यात सोडायचे आणि काही मिनिटांनी दोर ओढून वर काढायचे. दोरांना बांधलेले दगड वजन तोलतात, तरीही चार-सहा माणसांचे बळ लागतेच. एवढ्या खटाटोपानंतर कधी कधी हाती मूठभरच मासळी येते. ही जाळीही आता कमी होत चालली आहेत.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ मध्ये कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाला इथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. चर्चच्या छताला दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे आजही टांगलेले आहेत. इथल्या दमट उकाड्यात त्यांचे मोल लगेच पटते.

इथल्या धोबीखान्यातही डोकवावे. डच सैनिकांचे कपडे धुण्यासाठी आणलेल्या तमिळ कुटुंबांचे वंशज अजूनही हा व्यवसाय करतात.

दुपारी उन्हात भटकू नये. अप्पम आणि स्ट्यू किंवा उकड्या तांदळाचा भात खाऊन सगळ्यांनीच आडवे व्हावे.

ऊन उतरले की ताज्या झालेल्या बाबांना घेऊन मट्टानचेरीला जावे. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेल्या राजवाड्यात रामायणाची सुंदर भित्तिचित्रे आहेत. शेजारीच १५६८ चे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. इस्रायलच्या स्थापनेनंतर इथली बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली. गल्लीला नाव तेवढे ज्यूंचे उरले आहे. हवेत मात्र सुंठ-मिऱ्यांचा वास तसाच आहे.

मट्टानचेरीतल्याच चेरलाई भागात एखादे वाक्य ओळखीचे वाटले तर दचकू नये. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेल्या सारस्वतांचे वंशज इथे आजही कोकणी बोलतात. त्यांचे तिरुमल देवस्वम मंदिर याच भागात आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलीला उत्तम. राजवाडा शुक्रवारी आणि ज्यूंचे प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते. त्यामुळे मुक्कामाचा वार आधीच ठरवावा. केरळातल्या बहुतेक मंदिरांत पुरुषांना सदरा उतरवून जावे लागते. म्हणून एखादे उपरणे जवळ असू द्यावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ली खुशाल बाबांच्या हाती द्यावी. उरलेल्या तीनशे किलोमीटरांची मग कुणालाच काळजी वाटणार नाही.