दादी सुपरस्टिशस आहे का?

मुलीला इंग्रजीचा गृहपाठ होता : ‘सुपरस्टिशस’ हा शब्द वापरून वाक्य लिहा. तिने लिहिलं, ‘माझी दादी सुपरस्टिशस आहे.’ सुट्टीत सांगलीहून साताऱ्याला गेलो, तेव्हा तिने ते वाक्य अम्मीलाच वाचून दाखवलं.

“म्हणजे काय रे?” अम्मीने मला विचारलं.

“वहमी,” मी म्हणालो.

अम्मीचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “लहानपणी तुला विंचू चावला, तेव्हा आधी सरकारी दवाखान्यात नेलं. तावीज नंतर बांधला. तेही लिही म्हणावं पोरीला.”

मला उत्तर सुचलं नाही. उर्दूत वहम म्हणजे खोटी समजूत. त्याच अरबी शब्दाचा मराठीत ‘वहीम’ झाला, म्हणजे संशय. इंग्रजी विशेषणाचंही तसंच होतं. ते समजुतीला लावतात आणि माणसालाही. माणसाला लागलं की त्याचं बाकीचं शहाणपण कुणी बघत नाही. आपल्या समाजाला तर हे विशेषण बाहेरचे सहज लावतात, आणि चार बुकं शिकलेले आपण घरातल्या बायकांना लावतो.

याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. कायदा कृत्यं मोजतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून गंडेदोरे, मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. अम्मीने मला अडवलं नव्हतं, उलट दवाखान्यात नेलं होतं.

याचा अर्थ तावीजने विष उतरतं असा नाही. ती समजूत खोटीच आहे, आणि तसं आपल्या घरात आपणच म्हणायला हवं. पण म्हणताना बोट समजुतीवर असावं, दादीवर नको.

मुलीने वाक्य खोडून नवं लिहिलं : ‘तावीजने विष उतरतं, ही सुपरस्टिशस समजूत आहे.’ अम्मीने ऐकून मान डोलावली.

परतताना गाडीत बसता बसता मुलीने नंबरप्लेटकडे पाहिलं. शेवटी 786. त्या नंबरासाठी मी आरटीओत जादा पैसे भरले होते.

“अब्बा, आणि हे?”

दादीवरचं वाक्य खोडायला लावणारा मी, सांगली येईपर्यंत गप्पच होतो.