दोन पडदे, एक आजी



मागच्या अंकात दोन-तीन पालकांनी एकच तक्रार मांडली होती. मुलं रविवारी मराठी वर्गाला येतात, ‘माझे नाव अमुक, मी हॅरोला राहते’ असं घडाघडा म्हणतात, आणि परत जाताना गाडीत बसल्याबरोबर मराठी सीटखाली टाकून देतात. यावर आम्हां दोघांना जे सुचलंय ते वाचून काहींना वाटेल, निवृत्तीनंतर यांना काही उद्योग उरलेला नाही. ते खरंच आहे. पण म्हणूनच विचार करायला सवड मिळाली.

आमचं म्हणणं एवढंच: मराठी शिकवणारा खेळ करू नये, मराठीवाचून अडेल असा खेळ करावा. आणि असा खेळ सुचायला सगळ्यात सोयीचं यंत्र म्हणजे निन्टेन्डोचा तो पुस्तकासारखा मिटणारा दोन पडद्यांचा डबा, डीएस.

हा डबा ब्रिटनमध्ये मार्च २००५ मध्ये आला. आपल्यापैकी पुष्कळांच्या लॉफ्टमध्ये, मुलांच्या जुन्या वह्यांखाली, एखादा अजून पडलेला असेल. वरचा पडदा नुसता बघायचा, खालच्यावर छोट्या काडीने लिहायचं, ओढायचं, टोचायचं. पडदे तीन-तीन इंचांचे. प्रत्येकावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. शिवाय मायक्रोफोन आणि घड्याळ. आणि शेजारच्या डीएसशी बिनतारी गप्पा मारायची सोय. जगभरात हे डबे पंधरा कोटी चाळीस लाखांच्या घरात खपले. दोन पडद्यांची कल्पना मात्र त्याहून जुनी. १९८२ मध्ये याच कंपनीच्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेत दोन पडद्यांचे खेळ आले होते. ती मालिका गुनपेई योकोइ या गृहस्थांची. नव्या महागड्या तंत्रामागे न धावता जुन्या, स्वस्त, हात बसलेल्या तंत्राचा वेगळा उपयोग शोधावा, असं ते मानत. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात, त्यातलंच तत्त्व.

आता या घराण्याचा व्यापार आटोपला आहे. पुढचं भावंड, थ्रीडीएस, २०११ मध्ये आलं, त्याचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं आणि त्याचं ऑनलाइन दुकानही २०२३ मध्ये बंद झालं. मग आता त्यावर लिहायचं कशाला? टॅब्लेटवर एकच काच असते. बघणं आणि करणं एकाच बोटाखाली, म्हणून मूल एकटंच तिच्यात शिरतं. दोन पडद्यांच्या डब्यात बघण्याची जागा वेगळी आणि करण्याची जागा वेगळी. तिथे दोन माणसं मावतात.

हे आम्हांला पुस्तकातून नाही कळलं. २००६ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आई आल्या होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला मराठी कळे, पण उत्तर इंग्रजीत. आईंना इंग्रजी कळत नसे, पण तसं म्हणायचा संकोच. आम्ही दोघंही कामावर. शाळेला सुटी लागल्यावर घरी आजी आणि नातू एका सोफ्याच्या दोन टोकांना बसलेले असत, आणि मध्ये हा डबा.

त्यात त्याचा एक पाळीव कुत्रा होता. ‘निन्टेन्डॉग्ज’ नावाच्या खेळातला, आदल्या नाताळात मिळालेला. त्या कुत्र्याला नाव ठेवायचं, मायक्रोफोनमध्ये तेच पुन्हा पुन्हा उच्चारायचं, मग तो ओळखायला लागायचा. ‘बस’, ‘लोळ’ वगैरे आज्ञाही तशाच. एका संध्याकाळी आम्ही घरी आलो तर आई डब्याशी तोंड नेऊन खणखणीत आवाजात म्हणत होत्या, “मोत्या! बैस!” आणि तो चिमुकला प्राणी खरंच बसत होता. नवा कुत्रा घेतला होता आणि त्याचं शिक्षण आजीकडे सोपवलं होतं. हात नातवाचा, आवाज आजीचा. मोत्या आमचं दोघांचं ऐकत नसे. काही हवं असलं की मुलगा हाक मारी, “आजी, त्याला सांग ना!” चार शब्दांचं हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता गंमत पाहा. डीएसची स्वतःची भाषा निवडायला सहा पर्याय होते: जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि इटालियन. मराठी सोडाच, भारतातली एकही भाषा नाही. पण या खेळात कुत्रा आवाज लक्षात ठेवी. तो आवाज कुठल्या भाषेतला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. यंत्राला मराठी येत नव्हती, तरी मराठी आत शिरली, कारण खेळाला कुणीतरी शिकवणारं हवं होतं.

आई आता नाहीत. मुलाची मुलगी सात वर्षांची झाली. आमची सून वेल्सची, घरात बोलणं इंग्रजीत. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला आता आम्ही बसलो आहोत. फरक एवढाच, की आम्हांला इंग्रजी येतं. म्हणजे नातीला मराठीची आईंच्या वेळेइतकीही गरज उरलेली नाही.

इथे सूनबाईंनी एक गोष्ट सांगितली. वेल्समध्ये १९७१ पासून वेल्श बालवाड्यांची चळवळ चालू आहे. तिथे पोरांना वेल्शचा तास नसतो. वाळूत खेळायचं, दूध प्यायचं, भांडायचं, ते सगळं वेल्शमधून. आपल्याला तेवढं जमणारं नाही. शिवाय गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांना निदान जीसीएसईच्या परीक्षेचा टेकू आहे. मराठीला तोही नाही. परीक्षेचा धाक नाही, दुकानात उपयोग नाही. मग गरज घरातच निर्माण केली पाहिजे, आणि मुलांना गरज वाटते ती खेळात.

म्हणून आम्ही काही खेळ रचून पाहिले. नियम एक: वरच्या पडद्यावरचं देवनागरीत असेल, ते वाचणार आजी किंवा आजोबा. खालचा पडदा नातवंडाचा. आम्हांला वाचता येतं पण हात थरथरतो. तिचा हात स्थिर आहे पण वाचता येत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. पडदा बारका, म्हणून आमच्या डोळ्यांना झेपेल असं चोवीस ठिपके उंचीचं अक्षर घेतलं तर आठच ओळी मावतात. हे बरंच आहे, आजीला व्याख्यान देता येत नाही.

पहिला, सागरगोटे. एक खडा उडतो तो वरच्या पडद्यावर. तो खाली येईपर्यंत खालच्या पडद्यावरचे बाकीचे उचलायचे. किती, ते वर लिहिलेलं: ‘दोन दोन’, ‘तीन आणि एक’, ‘चारही’. आजीने ओरडायचं, नातीने काडीने तितक्या खड्यांभोवती गोल काढायचा. या पडद्याला एका वेळी एकच स्पर्श कळतो, त्यामुळे पाची बोटांनी ओरबाडता येत नाही. दोन पडद्यांच्या मध्ये बिजागरीची फट आहे. काही खेळांत ती न दिसणारी जागा म्हणून धरलेली असते. इथेही खडा क्षणभर तिथे नाहीसा होईल, आणि त्याच क्षणी घरात आरडाओरडा होईल. तो मराठीत झाला म्हणजे झालं.

दुसरा, मोक्षपट. सापशिडी म्हणून इथल्या मुलांना जो पट मिळतो, तो हिंदुस्थानातूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आला. आपल्याकडे परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात. मूळ पटात शिड्या गुणांच्या, साप दुर्गुणांचे. आमच्या खेळात साप चावला की वर त्याचं नाव दिसेल: ‘लोभ’, ‘मत्सर’, ‘आळस’. आजीने त्याचा अर्थ मराठीतच समजवायचा, नातीने खाली त्याचं चित्र काढायचं. आजोबांना चित्रावरून शब्द ओळखता आला तर साप माफ. आम्ही ‘लोभ’ करून पाहिला. नातीने शेवटचा बेसनलाडू खिशात घालणारे आजोबा काढले. अर्थ पोचला होता.

तिसरा, मोदक. काडीने भाज्या चिरायचा ‘कुकिंग मामा’ हा खेळ २००६ मध्ये आला आणि पोरांना फार आवडला. आपल्या खेळात खाली काडीने पारीच्या कळ्या पाडायच्या, मायक्रोफोनवर फुंकर घालून उकड निववायची. वर आजीची कृती, पण आजीच्याच मापात: ‘अंदाजाने’, ‘चवीपुरतं’, ‘हाताला चिकटेनासं होईपर्यंत’. यंत्राला अंदाज कळत नाही, नातीलाही नाही. तिने विचारायचं, “आजी, झालं का?” आणि आजीने वरचं चित्र पाहून सांगायचं, “अजून थोडं.” हा संवाद महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

चौथा, सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, निम्म्यांत नेमकं उलटं. दिवसा खेळ असेल तर पहिली उतारी रामाची, रात्री कृष्णाची. डीएसमध्ये घड्याळ आहेच, ते हा निर्णय देईल. पण इथल्या डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. मग रात्र कुठली धरायची, सावंतवाडीची की हॅरोची? याचं उत्तर यंत्रात घालू नये असं आमचं मत आहे. घरात वाद झालेला चांगला.

बाराखडी गिरवण्याचा खेळही करता येईल. वर ‘क’, खाली गिरवा, दहापैकी सात गुण. जपानी मुलांसाठी त्यांच्या लिपीचे असे खेळ पुष्कळ निघाले. पण आमचा अनुभव असा, की गुण दिसले की नातीला त्यात अभ्यासाचा वास येतो आणि तिला एकाएकी तहान लागते. शिवाय तो खेळ ती एकटी खेळू शकते. आम्ही त्याला शेवटचा नंबर दिला.

हे सगळं प्रत्यक्षात कसं आणायचं? हौशी मंडळी आजही या जुन्या डब्यासाठी घरगुती खेळ लिहितात, त्याची साधनं फुकट मिळतात. आपल्या मंडळाच्या निम्म्या घरांत कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा लिहिणारे हात मिळतील. पण आधी खेळ चांगला आहे का, हे कळलं पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही. एक ए-फोर कागद घ्या, मधोमध आडवी घडी घाला. घडीच्या वर एक पडदा, खाली दुसरा. वर आजीने मराठीत काहीतरी लिहायचं. खाली नातवंडाने पेन्सिलीने करायचं. इंग्रजी शब्द आला तर डाव पुन्हा पहिल्यापासून. पाच मिनिटांत संपला पाहिजे. आणि संपल्यावर मूल “पुन्हा!” म्हणालं तरच तो खेळ, नाही म्हणालं तर कागद पुनर्वापराच्या पेटीत.

तरी मंडळी, आपापल्या घरी एकेक कागद करून पाहा. ज्यांची आजी भारतात आहे त्यांनी फोनवर खेळून पाहा. वरचा अर्धा कागद आजीकडे, खालचा इथे. डाव जमला तर कागद पुढच्या बैठकीला घेऊन या. पाच-सहा चांगले निघाले, तर मराठी वर्गातल्या मोठ्या मुलांनाच त्यांतला एक यंत्रावर चढवायला सांगू. आणि यंत्रावर नाहीच चढला, तरी तोवर एका घरात दोन माणसं पाच मिनिटं मराठीत भांडलेली असतील. आमचं तेवढ्यावर समाधान आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा. (हा लोभ सापाचा नव्हे.)

आपले,
आम्ही दोघे, हॅरो