सोमवारचा निकाल

सिनेमा शुक्रवारी लागतो, पण आमच्या डब्यात त्याचा निकाल सोमवारी लागतो. आमचा डबा म्हणजे सकाळच्या सीएसएमटी फास्टचा बायकांचा डबा. मी डोंबिवलीला चढते. कल्याणच्या ताई मागूनच बसून आलेल्या असतात आणि त्यांनी पिशवी टाकून माझी जागा धरलेली असते. त्या मंत्रालयात आहेत. समोर बँकवाल्या काकू, निवृत्तीला टेकलेल्या. आणि चौथ्या सीटवर निम्मी बसलेली, निम्मी लोंबकळणारी पोरगी. ती जाहिरात कंपनीत आहे, जेमतेम पंचविशीची, आणि तिला डब्यात नावाने कोणी हाक मारत नाही. सिनेमाच्या धंद्यातलं आमच्यापैकी कोणीच नाही. तरी मटार सोलता सोलता ठाणं यायच्या आत आम्ही दोनशे कोटींचा सिनेमा पाडून मोकळ्या झालेल्या असतो.

धंद्यातली माणसंही सोमवारवरच डोळे लावून बसतात, हे पोरीमुळे कळलं. पहिले तीन दिवस गर्दी नटाच्या नावावर आणि जाहिरातीवर खेचता येते. सोमवारी सुट्टी नसते. त्या दिवशी जो थिएटरात येतो तो बहुधा कोणाचं तरी ऐकून आलेला असतो. सोमवारी गल्ला टिकला तर सिनेमा चालला, नाही तर दुसऱ्या शुक्रवारी पोस्टर उतरलं म्हणून समजा.

पोरगी फोनवर आकडे वाचते आणि काकू दर वेळी तोच प्रश्न विचारतात, "म्हणजे गेला की राहिला?"

मी अकाउंट्समधली असल्याने उत्तर द्यायचं काम माझ्याकडे येतं. तिकिटांचे सगळे पैसे म्हणजे गल्ला. त्यातून कर जातो. मग थिएटरवाला आपला वाटा काढतो. उरतं ते वितरकाचं आणि सर्वांत शेवटी निर्मात्याचं. त्यामुळे शंभर कोटींचा गल्ला झाला अशी जाहिरात करणारा सिनेमा दीडशे कोटी खर्चून काढलेला असेल, तर तो पडलाच. उलट, ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नाही अशा दोन पोरांना घेऊन नागराज मंजुळेंनी केलेला 'सैराट' २०१६ साली शंभर कोटींच्या घरात गेला. मराठीत तसं आधी कधी झालं नव्हतं. त्याची चोरीची कॉपी लोकांच्या फोनवर फिरत होती, तरी लोक तिकीट काढून जात होते आणि 'झिंगाट' लागलं की खुर्च्या सोडून नाचत होते.

"हिशेब कळला," कल्याणच्या ताई म्हणाल्या, "पण लोक गेले का, ते सांग ना."

ते मात्र कुठल्याच हिशेबात लिहिलेलं नसतं. पण वर्षानुवर्षं या बायकांचं बोलणं ऐकून मला एक गोष्ट दिसायला लागली. 'सिनेमा चांगला आहे का' असं आमच्यात फारसं कोणी विचारत नाही. "सासूबाईंना घेऊन जाऊ का गं?" असं विचारतात. "मुलं बरोबर असली तर चालेल?" "ह्यांना झोप येईल का?" कोणाला घेऊन जायचं हे ज्या सिनेमाच्या बाबतीत चटकन सुचतं, तो चालतो.

२०१८ च्या दिवाळीत हे अगदी ढळढळीत दिसलं. पाडव्याच्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. अमिताभ आणि आमिर पहिल्यांदाच एकत्र, समुद्र, जहाजं, तोफा. पहिल्याच दिवशी पन्नास कोटींच्या वर कमाई. त्याच दिवशी '... आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' लागला होता आणि त्याला खेळ मिळवताना मारामार. भाऊबीज उरकून आम्ही सोमवारी भेटलो, तेव्हा 'ठग्स' पाहून आलेल्या दोघी एकमेकींना समजावत होत्या की आपलेच पैसे जास्त वाया गेले. काकू मात्र आत्याला घेऊन सुबोध भावेचा घाणेकर पाहून आल्या होत्या. आत्यांनी तरुणपणी खऱ्या घाणेकरांना रंगमंचावर पाहिलेलं. 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या सिनेमात आला आणि आत्यांनी काकूंचं मनगट जे धरलं ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाही. "हात बधिर झाला माझा," असं सांगताना काकूंचा चेहरा फुलला होता. त्या दिवशी डब्यात तीन जणींनी आपापल्या आयांना फोन लावले. पुढे त्या सिनेमाचे खेळ वाढले आणि 'ठग्स'चे भराभर उतरले.

काकूंकडे जुना माल पुष्कळ आहे. त्यांचे वडील गिरणगावातल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. १९७५ साल त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. त्या वर्षी आलेल्या 'जय संतोषी माँ'मध्ये मोठा नट नव्हता आणि पैसाही बेताचाच घातलेला. पण बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, आरती सुरू झाली की पडद्यावर नाणी आणि फुलं उधळायच्या. खेळ सुटल्यावर झाडूवाल्याबरोबर वडीलही खुर्च्यांखाली वाकून नाणी वेचायचे. "एरवी सिनेमाला पाऊल न ठेवणाऱ्या बायका," काकू सांगतात, "त्यांना घरून कोण अडवणार? देवाचंच होतं ना!" शेजारणीला, जावेला, व्रत करणाऱ्या प्रत्येकीला बरोबर न्यायला तो सिनेमा हक्काचं कारण झाला.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'शोले' आला आणि पहिले काही दिवस त्याला पडलेलाच धरत होते. लोक गप्प बसून बघतात, टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, म्हणून बनवणारे धास्तावले. अमिताभला जिवंत ठेवून शेवट बदलावा, इथपर्यंत विचार गेला होता. वरळीच्या गीता थिएटरच्या मालकाने मात्र रमेश सिप्पींना उलटं सांगितलं, असं म्हणतात. त्याचं म्हणणं, मध्यंतरात माझी थंड पेयं आणि आइस्क्रीम खपत नाहीत, लोक जागचे उठतच नाहीत, म्हणजे तुमचा सिनेमा हिट आहे. पुढे मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. हा किस्सा मला फार आवडतो, कारण त्या माणसाने गल्ल्याऐवजी कॅन्टीनचं काउंटर पाहिलं.

माझी स्वतःची पहिली आठवण 'माहेरची साडी'ची. १९९१ साली तो आला तेव्हा मी शाळेत होते आणि सुट्टीत आजोळी, इस्लामपूरजवळच्या खेड्यात होते. मामीने गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि ऊस वाहणारा ट्रॅक्टर ठरवला. ट्रॉलीत सतरंज्या अंथरल्या. निघताना मामी उतरली आणि समोरच्या घरात गेली. त्या घराशी आमचं बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद. तिथली सून नुकतीच माहेरपणाला जाऊन आली होती. मामी तिला दंडाला धरूनच घेऊन आली. परतताना ट्रॉलीत सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि ती सून मामीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. अलका कुबल छान काम करते की नाही यावर कोणी चकार शब्द काढला नाही. सगळ्या एवढंच म्हणत होत्या की पुढच्या खेपेला थोरलीला आणायला हवं.

मोठेपणी असाच अनुभव पुन्हा आला तो 'बाईपण भारी देवा'च्या वेळी. ३० जून २०२३ ला तो लागला. केदार शिंदेंचा सिनेमा, एकमेकींशी दुरावलेल्या सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. जाहिरात पाहून डब्यात कोणी भुवईसुद्धा उंचावली नाही. सोमवारी मात्र पुढच्या दारातल्या ग्रुपच्या बायका पाहून आल्या होत्या आणि कळवा येईपर्यंत तिथून हसण्याचे आवाज येत होते. ताईंनी तिथेच जाहीर केलं, "शनिवारी जायचं, नऊवारी नेसून."

मी नऊवारी नेसले नाही, पण गॉगल लावला. थिएटरच्या जिन्यावर सगळ्या वयाच्या बायका, नथी, गजरे, भिशीचे ग्रुप, आणि मधूनच पर्स सांभाळत उभा असलेला एखादा नवरा. पिशव्या तपासणाऱ्या मुलीने माझ्या पिशवीतला चिवडा पाहिला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "काकी, खाली टाका, वर ओढणी ठेवा." सिनेमा सुरू झाल्यावर खरा सिनेमा खुर्च्यांमध्ये चालू होता. "ही बघ, ही डिट्टो तू!" असं प्रत्येक रांगेत कोणी तरी कोणाला तरी म्हणत होतं. मध्यंतरात बायकांच्या टॉयलेटसमोर लांबच लांब रांग. तिथे एक अनोळखी बाई माझ्यामागे उभी होती. आपण होऊनच म्हणाली, "मी दुसऱ्यांदा आलेय. पहिल्यांदा भिशीबरोबर आले. आज बहिणीला घेऊन आलेय, चार वर्षांनी बोलतोय आम्ही." बहीण दोन माणसं मागे उभी होती आणि फोनवर कोणाला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगत होती. तो सिनेमा वर्षातला सगळ्यात मोठा मराठी हिट ठरला, आणि मोठमोठ्या पंडितांनी नंतर त्याची कारणं लिहिली. त्या रांगेत उभं राहिलं असतं तर त्यांचा वेळ वाचला असता.

अर्थात, कोणाला न्यायचं ते माहीत असलं तरी जायला सिनेमा जागेवर असावा लागतो. मागे एक मराठी सिनेमा आला होता. नाव घेत नाही, पण सासऱ्यांना दाखवायचाच असं मी ठरवलं होतं. जवळपासच्या सगळ्या थिएटरांत मिळून त्याचा एकच खेळ, तोही दुपारी पाऊण वाजता. नोकरी करणाऱ्याने पाऊण वाजता कसं जायचं? यावर ताईंनी मंत्रालयाचं ज्ञान दिलं. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवला पाहिजे, असं सरकारने २०१५ साली ठरवलं. आधी संध्याकाळचे सहा ते नऊ म्हणाले. त्यावर गदारोळ झाला आणि मग प्राइम टाइम दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणला गेला. म्हणजे पाऊण वाजताचा खेळ कागदोपत्री प्राइम टाइमच! रविवारी सासऱ्यांना घेऊन जाऊ म्हटलं, तर रविवारी त्या जागी हिंदी सिनेमा. अशा सिनेमांच्या नावापुढे नंतर 'फ्लॉप' लिहिलं जातं. लोकांनी पाहून नाकारलेला सिनेमा आणि लोकांना पाहायलाच न मिळालेला सिनेमा, दोघांना एकाच यादीत टाकतात, याचा मला राग येतो.

काही सिनेमांचं माणूस उशिरा सापडतं. 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला, तेव्हा ताईंनी नाव वाचून विचारलं, "श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वर आहे का? मग आप्पांना नेते." नाव तिथूनच घेतलेलं, पण सिनेमात खोत नाहीत. पाऊस, पडका वाडा, हस्तर आणि माणसाची हाव. आप्पांना नेण्यासारखा नव्हताच, आणि मुलांना न्यायचा तर मुलं रात्री झोपली नसती. त्या वेळी तो बेताचाच चालला. मग घरोघरी मोबाइलवर पाहिला गेला, पोरीच्या वयाच्या मुलांनी एकमेकांना पाठवला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला थिएटरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. पोरगी आपल्या अख्ख्या हॉस्टेलच्या मैत्रिणींना घेऊन गेली होती. घरी फुकट पाहिलेला सिनेमा पैसे देऊन परत का पाहायचा, हे काकूंना पटेना. "काकू, घरी एकटीने पाहिलेला," पोरगी म्हणाली, "एकटीला किंचाळून काय मजा?"

माझं हे 'कोणाला घेऊन जाऊ'चं गणित मी एकदा डब्यात मांडलं, तर काकूंनी लगेच पकडलं. "मग 'शोले'चं काय? तो तर सगळ्यांसाठी होता. तुझ्या 'ठग्स'सारखाच." मुद्दा बिनतोड होता. घाटकोपर ते दादर मी विचार करत राहिले. उत्तर त्यांच्याच वडिलांच्या गोष्टीत होतं. ते सांगायचे, 'शोले'ला तेच चेहरे परत परत यायचे, पण दर वेळी बरोबर नवा माणूस. कधी गावाहून आलेला भाऊ, कधी खोलीतला नवा भाडेकरू. गब्बर काय म्हणणार हे आधीच पाठ असायचं, बरोबरच्याचं तोंड बघायला यायचे. 'सगळ्यांसाठी' म्हणून काढलेला सिनेमा निर्मात्याच्या डोक्यात सगळ्यांसाठी असतो. प्रेक्षक मात्र त्याला एकेक माणूस धरून सगळ्यांचा करतो. ते एकेक माणूस सुचलंच नाही, तर जहाजं आणि तोफा कितीही असोत, रविवारी रात्री सगळे म्हणतात, "बघू, येईलच ओटीटीवर."

काकूंना हे पुरतं पटलेलं नाही. त्यांच्या मते सिनेमा चालणं हे नशीब, आणि नशिबाला कारण शोधू नये. ताई म्हणतात, तिकिटं दीडशेवर आणा, मग बघा काय काय चालतं ते. या शुक्रवारी दोन सिनेमे लागतायत. एक तीनशे कोटींचा आहे, दुसऱ्याचं पोस्टरसुद्धा स्टेशनवर लागलेलं नाही. पोरगी पहिल्याचा पहिल्या दिवसाचा आकडा आत्तापासून सांगतेय. मी दुसऱ्याची वेळ बघून ठेवलीय, संध्याकाळी साडेसहा, आणि सासऱ्यांना औषधं लवकर घ्यायला सांगितलंय.