किती काड्या?

ऑफिसात धाकट्या भावाचा विषय निघाला आणि मी "त्याला ऑटिझम आहे" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग त्याचं गणित भारी असेल ना?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मी "नाही" म्हणतो आणि समोरचा चेहरा जरासा पडतो. मला त्याचा राग येत नाही. एकेकाळी माझाही चेहरा असाच पडला होता.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होस्टेलवर 'रेन मॅन' (१९८८) पाहिला. डस्टिन हॉफमनचा रेमंड जमिनीवर सांडलेल्या टूथपिक्स बघता बघता मोजतो: २४६. कसिनोत पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे जिंकून देतो. मी भारावून गेलो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर भावासमोर काडेपेटी फरशीवर उपडी केली. "किती?"

तो खाली बसला. एकेक काडी उचलून, सगळी गुलं एकाच बाजूला येतील अशा बेताने पेटीत भरत राहिला. मी पुन्हा आवाज चढवून विचारलं, "किती रे?" त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो काय परीक्षेला बसलाय का?"

मला तेव्हा त्या नीट लावलेल्या काड्या दिसल्याच नाहीत. फक्त आकडा आला नाही, एवढंच दिसलं.

गंमत म्हणजे, रेमंडचं पात्र लेखक बॅरी मॉरो यांना सुचलं ते किम पीक यांना भेटल्यावर. त्यांना हजारो पुस्तकं पाठ होती. पण त्यांना ऑटिझम नव्हता, असंच पुढे तज्ज्ञांचं मत झालं. ऑटिझम असलेल्या बहुतेकांकडे अशी अचाट शक्ती नसतेच. तरी सिनेमाला ती हवी असते. 'माय नेम इज खान'मधला (२०१०) रिझवान बिघडलेली जवळपास कुठलीही वस्तू दुरुस्त करतो, वर राष्ट्राध्यक्षांना भेटायला अमेरिका पालथी घालतो. जणू काहीतरी करून दाखवल्याशिवाय अशा माणसावर प्रेम करायला प्रेक्षक तयार होणार नाहीत. म्हणून मला 'बर्फी'मधली (२०१२) झिलमिल जवळची वाटते. तिच्याकडे कुठलीच जादू नाही, तरी बर्फीला ती हवी असते.

या तिन्ही भूमिका ऑटिझम नसलेल्या मोठ्या स्टार्सनी केल्या. 'सितारे जमीन पर'मध्ये (२०२५) मात्र बास्केटबॉल संघातले दहाही खेळाडू न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांनी साकारलेत. आम्ही घरचे चौघं हौसेने मल्टिप्लेक्सला गेलो. स्पीकरचा आवाज सहन न होऊन विसाव्या मिनिटाला भाऊ उठला. त्याच्यासारख्यांवरचा सिनेमा, पण थिएटर त्याच्यासाठी नव्हतं. आवाज थोडा कमी आणि दिवे थोडे चालू, एवढ्यानेही कदाचित तो बसला असता.

आई-बाबांना आत बसवून मी त्याच्याबरोबर बाहेर आलो. तो सरकत्या जिन्यासमोर उभा राहिला. खालून एकेक पायरी उगवत होती, वर जाऊन नाहीशी होत होती. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी मोबाईल खिशात ठेवला आणि शेजारी उभा राहिलो.

सिनेमा सुटल्यावर आईने विचारलं, "एवढा वेळ काय केलंत?"

"जिना बघितला," मी म्हणालो.