पॅक नंतर, आधी वायर

जळगाव-धुळ्याच्या घरात नेटवरचा टीव्ही कशाला हवा, याचं माझं उत्तर एका शब्दाचं आहे : अहिराणी. २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा खानदेशी या नावाखाली मोजली गेली, अहिराणी त्यातच येते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे केबल आली, छत्री आली, सेट टॉप बॉक्स आला. पण यांतल्या कशावरही अहिराणीची स्वतःची वाहिनी आली नाही. आपली बोली पडद्यावर आली ती यूट्यूबवर. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ हे गाणं तिथूनच खानदेशाबाहेर गेलं. मालेगावकडच्या कलाकारांचे विनोदी व्हिडिओही तिथलेच. हे सगळं आज बहुतेक घरांत मोबाइलवर बघितलं जातं, एकेकट्याने, कानात वायर घालून. ज्यांची ती खरी भाषा आहे त्या आजी-आजोबांना चार बोटांच्या पडद्यावरचं काही दिसत नाही. तेच टीव्हीवर लागलं की अख्खं घर एकत्र बसून बघतं. आणि यासाठी कुठल्याही ॲपची वर्गणी भरावी लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की नेटवरचा टीव्ही बसवताना पैसा आणि लक्ष वर्गणीच्या पॅकवर कमी आणि घरातल्या जोडणीवर जास्त घालावं.

आपल्याकडे होतं उलटं. मोठा टीव्ही येतो, दोन-तीन ॲप येतात, आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं. मग दोष नेटवाल्याला. बऱ्याचदा तो त्याचाही असतो, पण हिशोब करून बघा. स्वच्छ एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे ३० एमबीपीएसचा साधा पॅक घेतला, तरी चार पडदे एकाच वेळी चालवून १० शिल्लक राहतात. तरीही चित्र अडकत असेल, तर वेग बहुतेक दारापर्यंत आलेला असतो आणि पुढच्या वीस फुटांत वाया जातो. फायबर बसवायला आलेला माणूस जवळचा खिळा बघून राउटर दाराजवळ किंवा माळ्यावर टांगतो. टीव्ही असतो आतल्या खोलीत. मधे जुन्या घराची हातभर जाडीची मातीची भिंत, लोखंडी कपाट, आणि मे महिन्यात खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं; पाण्याने भरलेला कूलर दोन्ही करतो. ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर हरतं, २.४ गिगाहर्ट्‌झचं भिंत ओलांडतं, पण हळू चालतं आणि शेजाऱ्यांच्या राउटरांशी त्याची गर्दी होते. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेला राउटर आपल्या उन्हाळ्यात तापतो, ते वेगळंच. यावर सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत एक लॅनची वायर. बहुतेक स्मार्ट टीव्हींना मागे तिची जागा असते. फायबरची जास्तीची वायर खिळ्याला आवळून गुंडाळू नये, एवढंही सांभाळावं. आत काच असते. फार वाकवली की उजेड बाहेर सांडतो आणि डब्यावरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल लुकलुकायला लागतो. वेग तपासायचा तो राउटरशेजारी मोबाइल धरून नाही. टीव्हीच्याच ब्राउझरवर फास्ट डॉट कॉम उघडून तपासावा, तोच खरा आकडा.

फ्री डिश फुकट असताना हा खर्च कशाला, असं विचारणारे बरेच आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि दर महिन्याचं रिचार्ज तिला आजही लागत नाही. मी ती काढून टाका म्हणत नाही. बातम्या, मालिका, भजनं तिच्यावर बघावीत. टीव्हीला दोन्ही जोडता येतात. पण ती जे दाखवेल तेच बघावं लागतं, आणि ती अहिराणी वाहिनी दाखवत नाही. मोबाइलचं नेट आहेच, त्याचं हॉटस्पॉट टीव्हीला दिलं की झालं, असंही म्हणतात. ५ एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी जातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये चाळीस मिनिटं होतात, आणि त्यानंतर पोरांच्या अभ्यासालाही नेट उरत नाही.

मुलं बिघडतील ही भीती मला जास्त गंभीर वाटते. पण मोबाइलवर मूल काय बघतं ते कोणालाच दिसत नाही. बैठकीतल्या टीव्हीवर काय चालू आहे ते स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं. शिवाय टीव्हीला पिन लावता येतो, तो पहिल्याच दिवशी लावावा.

लाइटचा आक्षेप मात्र खरा आहे, तो उडवून लावता येत नाही. रावेर-यावलकडे पावसाळ्याआधीचं वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, तेव्हा खांबही पडतात आणि खांबांवरून ओढलेलं फायबरही तुटतं. त्याला घरात बसून काही उपाय नाही. पण रोजची तासा-दोन तासांची लाइट जाते तेव्हा फायबर शाबूत असतं, फक्त राउटर बंद पडतो. हा डबा साधारण बारा व्होल्टवर चालतो आणि मोबाइलच्या चार्जरइतकीच वीज खातो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर घ्यावा. नसेल तर राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. त्या वेळी मोठा टीव्ही नाही चालला तरी घरातलं नेट चालू राहतं.

तेव्हा वर्गणी कुठल्या ॲपची घ्यायची हे महिनाभराने ठरवा, नाही घेतली तरी चालेल. नेटवाला वायरीचं बंडल घेऊन दारात आला की पहिल्या खिळ्यावर त्याला थांबू देऊ नका. आत बोलवा, टीव्ही कुठे आहे ते दाखवा, आणि वायर तिथपर्यंत आणून मागा.