वळवलेलं पाणी

१.
दौंड तालुक्यातल्या खुटबावला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. लोणावळ्याला त्याच्या आठपट तरी. जिल्हा एकच, पुणे.

२.
नकाशावर बोट फिरवून पाहिलं. इंद्रायणी लोणावळ्याकडून निघते, तुळापूरला भीमेत मिसळते. मुळा मुळशीकडून येते, पुण्यात मुठेला भेटते आणि दोघी मिळून रांजणगाव सांडसला भीमेत. पुढे भीमा दौंडला. घाटमाथ्यावरचं पाणी चालत चालत इकडे यायचं, असा एकूण बेत होता.

३.
बेत मोडला १९१५ साली.

४.
पाणी वळवून वीज करायची मूळ कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईच्या आर्किटेक्टची. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली; ते १९०४ मध्ये गेले. १९१० मध्ये पुत्र दोराबजींच्या काळात कंपनी निघाली. ८ फेब्रुवारी १९११ ला कोनशिला, ११ फेब्रुवारी १९१५ ला खोपोलीत वीज सुरू. चार वर्षं, तीन दिवस. कालव्याचं आवर्तन जाहीर झाल्यापासून टेलला पोचेपर्यंत किती वेळ जातो, ते इथे लिहीत नाही.

५.
लोणावळा-खंडाळ्याकडे टाटांच्या पाटाला डक्टलाइन म्हणतात. कंपनीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कामासाठी बांधलेला पाट. शिरोत्याचं पाणी बोगद्यातून वळवण तलावात. वळवण आणि लोणावळा तलावांचं पाणी दगडी पाटातून डोंगराच्या कडेकडेने खंडाळ्याच्या फोरबेला, म्हणजे नळांच्या तोंडच्या हौदाला. उतार अगदी बेताचा, पाण्याला घाई नाही. घाई पुढे. फोरबेपासून लोखंडी नळ सरळ घाट उतरतात, पाचशे मीटरहून जास्त, आणि खाली खोपोलीत पेल्टन चाकांवर पाणी आदळतं. इथे पाणी खर्च होत नाही, असं इंजिनिअर सांगतात. खरं आहे. ते फक्त कोकणात उतरलेलं असतं.

६.
खडकवासल्याचा कालवा सरकारी. धरण कर्नल फाईफ यांचं, १८७९ च्या सुमाराचं. नवा मुठा उजवा कालवा तर २०२ किलोमीटर, थेट इंदापूरपर्यंत. त्याच्यापुढे टाटांचा पाट म्हणजे चारी. फक्त तोंड पश्चिमेला.

७.
मुळशी, १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह जमिनीसाठी होता. सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालं, १९२७ मध्ये कोकणातल्या भिऱ्याला वीज सुरू झाली. पाण्यावरून भांडण नंतरचं.

८.
कृष्णा पाणीवाटपाचा बच्छावत लवाद, १९७६. टाटांच्या धरणांतून पश्चिमेला एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी, सलग पाच वर्षांत मिळून २१२.

९.
खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर : चारही काठोकाठ भरली तर २९.१५ टीएमसी. आधी पुणे शहर, मग दौंड, मग इंदापूर.

१०.
सकाळी भिऱ्याला जनित्रं चालली की कुंडलिका नदी फुगते आणि कोलाडला राफ्टिंग सुरू होतं. हेल्मेट, लाइफ जॅकेट, फोटो. मुळेचं पाणी.

११.
टाटांची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. कोळसा महाग, धूर फार. गिरण्या १९८२ च्या संपानंतर सावरल्या नाहीत. त्यांच्या जागी टॉवर आले, त्यांना लिफ्ट आल्या. पाण्याने रस्ता बदललेला नाही.

१२.
खुटबाव-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं पुष्कळ. चरकातून रस काहिलीत, खाली चुलवणात चिपाडं. मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचं. शेवटी गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो. वळली की काहिल उतरवायची. मिनिटभर उशीर झाला तर गूळ काळा. लाईट गेली की चरक थांबतो. चुलवण थांबत नाही. अर्धी काहिल कढत असताना गुळव्या त्या वेळी जे बोलतो, ते टिपण्याजोगं आहे पण छापण्याजोगं नाही.

१३.
शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की दारं धरायला बॅटरी, काठी आणि सोबतीला कुणीतरी. उसात बिबट्या असतो. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जातात. बहुतेक तमाशाची.

१४.
मुंबईहून पुण्यापर्यंत रेल्वे विजेवर आली १९२९ मध्ये. खुटबाव स्टेशनावरून दौंडपर्यंतच्या तारांत वीज खेळली २०१७ मध्ये. पुणे ते दौंड अंतर ७५ किलोमीटर, वर्षं ८८.

१५.
निवडणूक लागली की मुळशीचं पाणी दौंडला येतं. निकालापर्यंत असतं.

१६.
जुन्या मुठा कालव्याला आता बेबी कालवा म्हणतात. पुणे शहराने वापरून सोडलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून त्यात टाकतात. ते हवेली ओलांडून दौंड तालुक्यात येतं. वास येतो. उसाला चालतं.